ओएसजीआय बंडलचं मॅनिफेस्ट: इम्पोर्ट-पॅकेज, एक्सपोर्ट-पॅकेज कसं लावायचं आणि कुठे फसायला होतं

माझं आजोळ उरणचं. मामा न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे वर्षानुवर्षं कामाला आहे त्यामुळे मॅनिफेस्ट हा शब्द मी जावा शिकायच्या खूप आधीपासून ऐकत आलेय. जहाजावर कुठल्या पेट्या आहेत, कुणाच्या आहेत, आत काय आहे याची यादी म्हणजे मॅनिफेस्ट, आणि मामा म्हणतो, "अगं, पेटी नंतर, आधी कागद. कागदावर नाही ती पेटी आमच्यासाठी आलेलीच नाही." ओएसजीआय, म्हणजे जावाचा प्रोग्राम बंडल नावाच्या वेगवेगळ्या तुकड्यांत बांधून चालवायची पद्धत, अगदी असंच चालतं. बंडल म्हणजे मॅनिफेस्ट असलेला जार (जावाचे क्लास बांधलेला डबा), आणि त्यात क्लास आहे का हे फ्रेमवर्क, म्हणजे बंडल्स चालवणारं सॉफ्टवेअर, आधी बघतच नाही, ते मॅनिफेस्ट वाचतं, त्यात काय मागितलंय आणि काय द्यायचं कबूल केलंय ते जुळवतं, आणि मगच क्लासेसला हात लावतं.

हे लिहायचं कारण असं की आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात दर दोनतीन महिन्यांनी नवीन मुलं येतात, स्प्रिंग बूट छान येत असतं, पण कराफवर (ओएसजीआय बंडल्स चालवणारा सर्व्हर) चालणारं आमचं जुनं प्रॉडक्ट हातात आलं की पहिला आठवडा क्लास-नॉट-फाउंडमध्येच जातो. मग कुणीतरी डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेजला स्टार लावतं, म्हणजे "लागेल ते कुणाकडूनही घे" असं सांगतं, बंडल ॲक्टिव्ह होतं, सगळे खूश, आणि सहा महिन्यांनी तेच कुणाच्यातरी गळ्यात येतं. म्हणून एकदा सगळं नीट एका जागी लिहून ठेवतेय. एक सांगते, इथे हेडरची आणि पॅकेजची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये अर्थातच सगळं इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायचं.

आधी मुळात काय चाललंय ते

साध्या जावामध्ये क्लासपाथ म्हणजे एकच मोठा ढीग, त्यात कुणीही कुणाचाही पब्लिक क्लास उचलू शकतो. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा) असतो, आणि पब्लिक क्लास असला तरी त्याचं पॅकेज एक्सपोर्ट केलेलं नसेल तर बाहेरच्या बंडलला तो दिसत नाही. वाशीच्या मार्केटमध्ये गाळा असतो ना तसं समजा, पुढे नमुने मांडलेले असतात, भाव तिथे होतो, मागच्या गोदामात गिऱ्हाईक शिरत नाही. एक्सपोर्ट केलेलं पॅकेज म्हणजे पुढची बाजू, बाकी सगळं मागे.

हे काही नवीन नाही, ओएसजीआयची सुरुवात १९९९ ची आहे आणि एक्लिप्स २००४ साली ३.० व्हर्जनपासून यावरच उभं आहे. जावाची स्वतःची मॉड्यूल सिस्टीम आली २०१७ साली जावा ९ मध्ये. मला नेहमी विचारतात की मग आता ओएसजीआय कशाला. एक फरक लक्षात ठेवा: जावाच्या मॉड्यूलमध्ये तुम्ही मॉड्यूलचं नाव घेऊन ते मागता आणि तिथे व्हर्जन जुळवणं नाही, ओएसजीआयमध्ये तुम्ही पॅकेज मागता, व्हर्जनच्या रेंजसकट, ते कुठलं बंडल देतंय याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं. त्यामुळे चालू सिस्टीममध्ये एक बंडल काढून दुसरं बसवता येतं. आमच्यासारख्यांना, ज्यांचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे रात्रंदिवस चालू असतं, त्यांना हे फार मोलाचं आहे.

आता उदाहरण. समजा गोदामातल्या स्टॉकचं बंडल आहे, त्याला दराचं बंडल लागतं. मॅनिफेस्ट साधारण असं दिसेल:

बंडल-मॅनिफेस्टव्हर्जन: २
बंडल-सिम्बॉलिकनेम: कॉम.गोदाम.स्टॉक
बंडल-व्हर्जन: १.४.२
एक्सपोर्ट-पॅकेज: कॉम.गोदाम.स्टॉक.एपीआय;व्हर्जन="१.२.०"
इम्पोर्ट-पॅकेज: कॉम.गोदाम.दर.एपीआय;व्हर्जन="[२.१,३)",ऑर्ग.एसएलएफ४जे;व्हर्जन="[१.७,२)"

बंडलचं व्हर्जन १.४.२ आणि पॅकेजचं १.२.०, हे मुद्दाम वेगळं आहे. नवीन मुलं हे दोन्ही सारखंच ठेवतात. बंडलचं व्हर्जन म्हणजे डब्यावरचा बॅच नंबर, आतमध्ये एखादा बग काढला तरी ते वाढतं. पॅकेजचं व्हर्जन म्हणजे बाहेरच्यांना दिलेला शब्द, तो बदलला तरच हा आकडा बदलायचा.

एक्सपोर्ट: जेवढं कमी तेवढं बरं

पहिला नियम, आणि यावर मी रिव्ह्यूमध्ये अडून बसते: इंटरफेसेस आणि त्यांच्या मेथड्सच्या सिग्नेचरमध्ये येणारे साधे डेटा क्लास एवढंच एका एपीआय (बाहेरच्यांनी वापरायच्या) पॅकेजमध्ये ठेवा आणि फक्त तेच एक्सपोर्ट करा. इम्प्लिमेंटेशन कधीही नाही. एकदा का एखादं पॅकेज एक्सपोर्ट झालं की कुणीतरी ते वापरायला लागतं, आणि मग तुमचा आतला क्लास बदलायला तुम्हालाच दहा जणांची परवानगी लागते.

इथे टूलची सवय माहीत पाहिजे. मेव्हन या बिल्ड टूलसाठी मेव्हन-बंडल-प्लगइन आहे, अपाची फेलिक्सवाल्यांचं, त्याला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तुमच्या सोर्समधली सगळी पॅकेजेस ते एक्सपोर्ट करतं, फक्त ज्यांच्या नावात इम्पल किंवा इंटर्नल आहे ती सोडून. म्हणजे तुम्ही पॅकेजला "युटिल" किंवा "हेल्पर" नाव दिलं असेल तर ते गेलं बाहेर, तुम्हाला पत्ताही नाही. याउलट बीएनडी-मेव्हन-प्लगइन (बीएनडी हे मॅनिफेस्ट बनवणारं टूल) स्वतःहून काही एक्सपोर्ट करत नाही, तुम्ही सांगाल तेच. मला हे दुसरं आवडतं. नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ हेच घ्या, आणि एक्सपोर्ट सांगायची सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे त्या पॅकेजमधली पॅकेज-इन्फो.जावा फाइल, तिथे दोन ॲनोटेशन्स लावायची, ॲट-एक्सपोर्ट आणि ॲट-व्हर्जन("१.२.०"). कोडच्या शेजारीच लिहिलेलं असतं त्यामुळे इंटरफेस बदलणाऱ्याच्या डोळ्यासमोर व्हर्जन येतं. बिल्ड फाइलमध्ये खोल कुठेतरी लिहिलेलं व्हर्जन कोणी वाढवत नाही, माझा अनुभव आहे.

बीएनडी-मेव्हन-प्लगइन जुन्या पद्धतीने लावलं असेल तर एक खड्डा आहे. ते मॅनिफेस्ट बनवून क्लासेसच्या फोल्डरमध्ये ठेवतं, पण जार बनवतं वेगळं प्लगइन, मेव्हन-जार-प्लगइन. त्याला "हीच मॅनिफेस्ट फाइल वापर" असं कॉन्फिगरेशनमध्ये सांगावं लागतं, नाही सांगितलं तर ते स्वतःचं साधं मॅनिफेस्ट घालतं आणि तुमचे इम्पोर्ट-एक्सपोर्ट कुठेच नाहीत. बिल्ड हिरवा, जार कोरा.

व्हर्जन अजिबात दिलं नाही तर? हाताने लिहिलेल्या मॅनिफेस्टमध्ये त्या एक्सपोर्टचं व्हर्जन ०.०.० धरतात. बीएनडीने बनवत असाल तर ते बंडल-व्हर्जन उचलून लावतं, आणि हे जास्त फसवं आहे कारण दिसायला सगळं व्यवस्थित दिसतं. प्रत्येक रिलीजला बंडलचा आकडा वाढला की सगळ्या पॅकेजेसचा वाढतो, एपीआयमध्ये एक अक्षर बदललेलं नसताना, आणि बंडल १.९ वरून मार्केटिंगवाल्यांच्या हट्टापायी २.० झालं की "[१.४,२)" मागणारी सगळी बंडल्स एका रात्रीत उपाशी.

इम्पोर्ट: स्टार, उद्गारचिन्ह आणि क्रम

इम्पोर्टची यादी हाताने लिहायची नाही. बीएनडी तुमचा बाइटकोड वाचतं, कुठल्या पॅकेजेसचा उल्लेख आहे ते काढतं, त्यातून तुमच्या जारमध्येच असलेली वजा करतं, उरलेली इम्पोर्टमध्ये घालतं, आणि बिल्डच्या वेळी ती पॅकेजेस ज्या जारमधून आली त्यांचं व्हर्जन बघून रेंजही लावतं. पीटर क्रीन्सने हे टूल बनवलं आणि माझ्या मते ओएसजीआय वापरण्यासारखं झालं ते यामुळेच. तुम्ही फक्त अपवाद सांगायचे:

इम्पोर्ट-पॅकेज: !कॉम.जुनं.लॉगर.*,ऑर्ग.पोस्टग्रेस्क्यूएल,*

यात क्रम महत्त्वाचा. यादी डावीकडून वाचली जाते, जे पहिलं जुळेल ते लागू. स्टार आधी आणि नकार नंतर लिहिला तर नकाराला काही उरतच नाही, सगळं आधीच स्टारने गिळलेलं. आणि शेवटचा स्टार विसरलात तर तुम्ही नाव घेतलेली तेवढीच पॅकेजेस इम्पोर्ट होतात, बाकीची गायब, बंडल मजेत रिझॉल्व्ह होतं (म्हणजे मागितलेलं सगळं मिळून जोडलं जातं) आणि पहिल्याच खऱ्या कॉलला नो-क्लास-डेफ-फाउंड. ही चूक मी इतक्या जणांची बघितली आहे की आता इम्पोर्ट-पॅकेज दिसलं की माझी नजर आधी ओळीच्या शेवटाला जाते.

पोस्टग्रेसचं नाव मुद्दाम वेगळं का घातलंय? कारण ड्रायव्हरचं नाव कोडमध्ये क्लास म्हणून नाही, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये अक्षरं म्हणून आहे. बीएनडी बाइटकोड वाचतं, तुमच्या प्रॉपर्टी फाइलमधली स्ट्रिंग तो इम्पोर्ट आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. रिफ्लेक्शनने, एक्सएमएलमधून, डेटाबेसमधून ज्याचं नाव येतं ते सगळं असं हाताने सांगावं लागतं.

जावा.लँग, जावा.युटिल वगैरे जे जावा. ने सुरू होतं ते इम्पोर्ट करायची गरज नाही, ते नेहमी थेट वरून मिळतं. पण जावाएक्स. ने सुरू होणारं, अगदी जेडीकेमध्ये असलेलं जावाएक्स.एसक्यूएलसुद्धा, इम्पोर्ट करावं लागतं, आणि ऑर्ग.डब्ल्यू३सी.डॉम पण. ते सिस्टीम बंडल एक्सपोर्ट करत असतं. त्यात जावा ११ ने जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड जेडीकेमधून काढून टाकलं, त्यामुळे जावा ८ वरून उडी मारताना आमची कितीतरी बंडल्स एकदम अडली होती. चांगली गोष्ट ही की अडली ती सुरू होतानाच, मॅनिफेस्टमध्ये लिहिलेलं होतं म्हणून. साध्या क्लासपाथवर हेच मध्यरात्री रिपोर्ट काढताना कळलं असतं.

रेंजचं व्याकरण एकदाच घोकून ठेवा

चौकोनी कंस म्हणजे तो आकडा धरून, गोल कंस म्हणजे तो आकडा सोडून. "[२.१,३)" म्हणजे २.१ पासून ३ च्या आधीपर्यंत. आता सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट: इम्पोर्टमध्ये नुसतं व्हर्जन="२.१" लिहिलं तर त्याचा अर्थ २.१ च असा होत नाही, २.१ किंवा त्याच्या पुढचं काहीही, ५ असो वा ५०, असा होतो. मेव्हनची सवय असलेल्याला हे कधीच सुचत नाही. तंतोतंत तेच पाहिजे असेल तर "[२.१,२.१]", पण असं कोणी करू नका, तुमचं बंडल त्या एका आकड्याला खिळून बसेल.

वरची मर्यादा किती ठेवायची हे तुम्ही इंटरफेस वापरताय की पुरवताय यावर ठरतं, आणि हा सगळ्या विषयातला मला सर्वात सुंदर वाटणारा भाग आहे. समजा दर-एपीआयमध्ये "दरसेवा" नावाचा इंटरफेस आहे आणि त्यात उद्या एक नवीन मेथड आली. जे फक्त सेवा बोलावतात त्यांना काही फरक नाही, जुन्या मेथड्स आहेतच. पण ज्या बंडलने तो इंटरफेस इम्प्लिमेंट केलाय त्याच्याकडे ती मेथड नाही, ते मोडलं. म्हणजे एकच बदल, एकाला चालतो, दुसऱ्याला नाही. म्हणून वापरणाऱ्याची रेंज "[२.१,३)" आणि पुरवणाऱ्याची "[२.१,२.२)". हे बीएनडी आपोआप करतं, पण त्याला कळायला हवं ना कुठला इंटरफेस कशासाठी आहे, म्हणून इंटरफेसवर ॲट-प्रोव्हायडरटाइप लावायचं. ज्या इंटरफेसेसना गिऱ्हाईक इम्प्लिमेंट करणार, लिसनर वगैरे, त्यांना ॲट-कन्झ्युमरटाइप. काहीच नाही लावलं तर कन्झ्युमर धरलं जातं, म्हणजे पुरवणाऱ्यालाही रुंद रेंज मिळते आणि तीच पुढे रनटाइमला ॲबस्ट्रॅक्ट-मेथड-एरर म्हणून उगवते.

आणि आकडा कधी वाढवायचा हे माणसावर सोडू नका. बीएनडी-बेसलाइन-मेव्हन-प्लगइन लावा, ते मागच्या रिलीजच्या जारशी तुमची तुलना करतं आणि एपीआय बदलूनही व्हर्जन वाढवलं नसेल तर बिल्डच पाडतं, किती करायला हवं तेही सांगतं. पहिले पंधरा दिवस टीम कुरकुर करते. करू द्या.

माझा स्वतःचा एक वाईट आठवडा

दोन दिवस मी एका प्रश्नावर अडले होते, गिऱ्हाइकाकडे बसून, आणि तो प्रश्न पूर्ण समजला तेव्हाच मला इम्पोर्ट-एक्सपोर्ट खऱ्या अर्थाने कळलं असं मी म्हणेन, म्हणून सविस्तर सांगते.

दराचं बंडल ॲक्टिव्ह. स्टॉकचं बंडल ॲक्टिव्ह. कराफवर सर्व्हिस:लिस्ट (बंडल्स एकमेकांना देतात त्या सर्व्हिसेसची यादी) मारलं तर दरसेवा रजिस्टर झालेली समोर दिसतेय. पण स्टॉकमधला कंपोनंट म्हणतोय अनसॅटिस्फाइड, दरसेवा मिळत नाही. नाव तपासलं, अक्षर न् अक्षर तेच. रिस्टार्ट केलं, कॅश उडवली, पुन्हा तेच. शेवटी ठाण्याला नऊ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून घरी जायच्या ऐवजी तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडला आणि दराच्या जारमधलं मॅनिफेस्ट पहिल्यांदा पूर्ण वाचलं. इम्पोर्टच्या यादीत दर.एपीआय नव्हतंच.

का नव्हतं? कारण मीच प्रायव्हेट-पॅकेजमध्ये "कॉम.गोदाम.दर.*" असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात प्रायव्हेट-पॅकेज म्हणजे "माझी पॅकेजेस लपव". पण बीएनडीला त्याचा अर्थ "बिल्डच्या क्लासपाथवर या नावाचं जे जे सापडेल ते माझ्या जारमध्ये कॉपी कर" असा होतो. दर.एपीआय हे वेगळ्या बंडलमध्ये होतं पण डिपेंडन्सी म्हणून क्लासपाथवर होतं, नाव स्टारमध्ये बसत होतं, आलं आत. आता ते माझ्याच जारमध्ये आहे म्हटल्यावर बीएनडीने ते इम्पोर्टमधून वजा केलं. परिणाम काय, दराच्या बंडलकडे दरसेवा इंटरफेसची स्वतःची खाजगी प्रत, आणि स्टॉकचं बंडल एपीआय बंडलमधली खरी प्रत वापरतंय. जावाच्या दृष्टीने दोन वेगळ्या क्लासलोडरनी आणलेले क्लास हे दोन वेगळे क्लास, नाव कितीही तेच असो. फ्रेमवर्क हे ओळखतं आणि न जुळणारी सर्व्हिस समोरच्याला दाखवतच नाही, नाहीतर क्लास-कास्ट-एक्सेप्शन आलं असतं, "दरसेवा हे दरसेवा होऊ शकत नाही" अशा छापाचं. म्हणजे फ्रेमवर्क बरोबर वागत होतं.

दुरुस्ती एका ओळीची, स्टार काढून "कॉम.गोदाम.दर.इम्पल" लिहिलं. एक्सपोर्ट-पॅकेजलाही हेच लागू आहे बरं का, तिथेही स्टार लावला तर तो डिपेंडन्सीमधले क्लासेस ओढून आणतो. या दोन हेडरमध्ये मी तेव्हापासून स्टार लावत नाही.

क्लास शोधायचा क्रम माहीत असेल तर असले प्रश्न अर्ध्या वेळात सुटतात. आधी जावा. ची पॅकेजेस थेट वर. मग ते पॅकेज इम्पोर्ट केलेलं आहे का, असेल तर फक्त आणि फक्त त्या एक्सपोर्टरकडे बघणार, तिथे क्लास नाही मिळाला तर शोध तिथेच संपला, तुमच्या स्वतःच्या जारमध्ये असला तरी. इम्पोर्ट नसेल तर रिक्वायर-बंडलवाली बंडल्स, मग स्वतःचा जार, मग फ्रॅगमेंट्स (दुसऱ्या बंडलला चिकटणारी जोडबंडल्स), आणि सगळ्यात शेवटी डायनॅमिक इम्पोर्ट. रिक्वायर-बंडल एक्लिप्स प्लगइनमध्ये खूप दिसेल, पण त्याने तुम्ही पॅकेजऐवजी एका ठराविक बंडलच्या नावाला बांधले जाता, नवीन कोडमध्ये टाळा.

युझेस नावाची चक्रावणारी गोष्ट

एक्सपोर्टच्या पुढे कधीकधी "युझेस:=" अशी लांबलचक शेपटी दिसेल. ती बीएनडी लावतं, काढू नका. अर्थ असा: माझ्या एपीआयच्या मेथड्सच्या सिग्नेचरमध्ये या दुसऱ्या पॅकेजेसचे क्लास येतात, तर जो माझं पॅकेज घेईल त्याने ती दुसरी पॅकेजेसही मी घेतो तिथूनच घ्यायला हवीत. समजा दर.एपीआयची मेथड कॉम.गोदाम.मोजमाप मधला "वजन" परत करते. सिस्टीममध्ये मोजमापची दोन व्हर्जन्स आहेत, १ आणि २. दर.एपीआय १ ला जोडलंय आणि स्टॉक स्वतः २ मागतंय, तर स्टॉकच्या हातात दोन प्रकारची वजनं येतील, म्हणून फ्रेमवर्क स्टॉकला रिझॉल्व्हच होऊ देत नाही आणि "युझेस कन्स्ट्रेंट व्हायोलेशन" म्हणतं. हा मेसेज अक्राळविक्राळ असतो, अर्धं पान भरतं. घाबरू नका, त्यात फक्त एवढंच शोधा की कुठलं एक पॅकेज दोन रस्त्यांनी येतंय. कराफमध्ये पॅकेज:एक्सपोर्ट्स ला उणे-डी लावलं की एकाहून जास्त बंडल्स एक्सपोर्ट करत असलेली पॅकेजेस तेवढी दिसतात, दहापैकी आठ वेळा गुन्हेगार तिथेच असतो, आणि उपाय म्हणजे जास्तीचं बंडल काढून टाकणं किंवा कुणाची तरी रेंज रुंद करणं.

ऑप्शनल आणि डायनॅमिक

रिझॉल्युशन:=ऑप्शनल म्हणजे मिळालं तर जोड, नाही मिळालं तरी चालेल. बाहेरच्या लायब्ररी गुंडाळताना हे लागतंच, कारण त्यांच्या कोडमध्ये वीस प्रकारच्या लॉगरचे उल्लेख असतात आणि तुम्हाला एकच हवा असतो. पण स्वतःच्या कोडला ऑप्शनल लावताय म्हणजे तो क्लास नसताना काय करायचं हे कोडमध्ये लिहिलेलं पाहिजे. आणि लक्षात घ्या, जोडणी रिझॉल्व्ह होतानाच ठरते. पॅकेज देणारं बंडल नंतर बसवलं तर आधी जोडलेल्या बंडलला ते आपोआप मिळत नाही, रिफ्रेश करावं लागतं.

डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेज: * बद्दल माझं मत कडक आहे. त्याने तुमच्या मॅनिफेस्टमध्ये "मला काय लागतं ते सांगत नाही, लागेल तेव्हा सिस्टीममध्ये कुणाकडे असेल त्याच्याकडून घेईन" असं लिहिलं जातं, व्हर्जनची काही अट नाही. बंडल नेहमी रिझॉल्व्ह होतं, त्यामुळे काय कमी आहे हे सांगणारी फ्रेमवर्कची जी सगळ्यात चांगली सोय तीच बंद पडते. ओआरएमसारख्या (डेटाबेसच्या टेबलांना क्लासेस जोडणाऱ्या) काही लायब्ररी असतात ज्यांना गिऱ्हाइकाचे क्लास नावावरून लोड करावे लागतात, तिथे इलाज नसतो, पण तिथेही पूर्ण स्टारऐवजी पॅकेजचा पुढचा भाग तरी लिहा.

रोज वापरायच्या कमांड्स

बंडल इन्स्टॉल्ड अवस्थेत अडकलंय, रिझॉल्व्हकडे जातच नाही, तर कराफवर बंडल:डायग आणि पुढे बंडलचा आयडी. मिसिंग रिक्वायरमेंट म्हणून जे येतं त्यात "ओएसजीआय.वायरिंग.पॅकेज" च्या पुढे पॅकेजचं नाव असतं, मग व्हर्जनची अट, जास्त-किंवा-समान अमुक आणि उद्गारचिन्हाने नकार दिलेलं तमुक. ते उलगडलं की तुमचीच रेंज असते, "[२.१,३)". मग पॅकेज:एक्सपोर्ट्स मारून ते पॅकेज कुणी देतंय का, कुठल्या व्हर्जनचं देतंय ते बघा. एकतर बंडलच बसवलेलं नसतं, किंवा व्हर्जन रेंजच्या बाहेर असतं, किंवा ते देणारं बंडल स्वतःच दुसऱ्या कशासाठी अडलेलं असतं, मग साखळी धरून मागे जायचं. बंडल:हेडर्सने मॅनिफेस्ट नीट मांडून दिसतं.

जारमधलं मॅनिफेस्ट थेट उघडून शोधत असाल तर एक अडचण येते. जार फॉरमॅटमध्ये मॅनिफेस्टची ओळ ७२ बाइट्सपेक्षा लांब चालत नाही, पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते आणि मागची ओळ शब्दाच्या मधेच तुटते, त्यामुळे ग्रेपने (फाइलमध्ये शब्द शोधायची कमांड) "गोदाम.दर.एपीआय" शोधलंत आणि ते "गोदा" आणि "म" असं दोन ओळींत फुटलेलं असेल तर ग्रेप म्हणणार, "नाहीये". बीएनडी प्रिंट वापरा, ते जोडून दाखवतं. हाताने मॅनिफेस्ट लिहिणाऱ्यांनी हेही बघा की शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे, नसेल तर ती शेवटची ओळ वाचलीच न जाण्याची शक्यता असते, आणि ती बहुतेक वेळा इम्पोर्टचीच असते.

एपीआय बंडल अपडेट केलं आणि काहीच बदललं नाही असं वाटलं तर तेही नॉर्मल आहे. आधीच जोडलेली बंडल्स जुन्या प्रतीलाच धरून राहतात, बंडल:रिफ्रेश करेपर्यंत. रिफ्रेश केलं की त्या एपीआयवर अवलंबून असलेलं सगळं थांबून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे मार्केट चालू असताना हे करू नका, आमच्याकडे दाणा मार्केटच्या गिऱ्हाइकांसाठी हे काम आम्ही व्यवहार बंद झाल्यावरच करतो.

एखादं जुनं बंडल दुरुस्त करायला घेतलं तर माझा क्रम असा असतो. आधी आत्ताच्या जारचं बीएनडी प्रिंट काढून एका फाइलमध्ये ठेवते. मग प्रायव्हेट आणि एक्सपोर्टमधले स्टार काढते, बिल्ड करते, पुन्हा प्रिंट, दोन्ही फाइल्सचा फरक बघते. मग डायनॅमिक इम्पोर्ट काढते आणि जे जे अडेल ते नाव घेऊन इम्पोर्टमध्ये घालते. मग पॅकेज-इन्फोमध्ये व्हर्जन्स, आणि सगळ्यात शेवटी बेसलाइन चालू करते. प्रत्येक टप्पा वेगळा कमिट, आणि पुल रिक्वेस्टमध्ये मॅनिफेस्टचा आधीचा-नंतरचा फरक चिकटवायचा. आमच्या टीममध्ये आता तो फरक नसेल तर मी रिव्ह्यू उघडत नाही. मागच्या महिन्यात एका मुलीने असाच फरक चिकटवला आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, "ताई, दर.एपीआय इम्पोर्टमधून गायब झालंय, बघतेय", आणि मी काही बोलायच्या आत तिने स्टार काढून नवीन कमिट टाकला होता.